मेलेल्यावर जगणारे

भाद्रपदात आमच्या धाराशिवला सगळ्या वस्तूंना अंग फुटतं. चपलेच्या आतल्या बाजूला, पापडाच्या डब्यात, कपाटात विसरलेल्या कातडी पट्ट्यावर पांढरट हिरवी लव धरते. नेमकं त्याच सुमाराला कॉलेजात माझा बुरशीचा धडा येतो. लोक दोन्हींकडं एकाच नाकानं बघतात. पोरी 'ई' म्हणतात, पोरं बाक वाजवतात. मी चार दिवस झाकून ठेवलेला भाकरीचा तुकडा बशीत घालून वर्गात नेते, तर पहिली दोन बाकं मागं सरकतात, जणू त्या तुकड्यातून काहीतरी उडी मारणार आहे.

आमच्या स्टाफरूममधल्या एक बाई दरवर्षी न चुकता म्हणतात, "डबा खायच्या टायमाला ते नका ना काढू मॅडम, मळमळतं." ह्याच बाईंच्या डब्यात काळ्या मसाल्याची आमटी असते आणि त्या मसाल्यात दगडफूल असतं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ ह्यांचा दगडावर मांडलेला संसार. शेवाळ उन्हात अन्न शिजवतं, बुरशी पाणी धरून ठेवते आणि घराच्या भिंती सांभाळते. हे मी बाईंना एकदा सांगितलं. त्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. मसाला मात्र सोडला नाही.

माणसांची किळस अशीच असते, सोयीची. जे दिसतं त्याची किळस, आणि तेच वाटून आमटीत घातलं की चव. पुन्हा पोरांच्या गाइडात प्रश्न असतो, 'बुरशीचे उपयोग व तोटे लिहा, गुण पाच.' उपयोग कुणाला? तोटे कुणाचे? ज्या जिवानं जंगलं उभी केली आणि मेलेली जंगलं मातीत परत घातली, त्याला आम्ही विचारतो, आमच्या काय कामाचा तू? आणि पाच गुणांत निकाल लावतो.

मला स्वतःला बुरशीची किळस कधी आली नाही. माझी किळस सगळी माणसांवर खर्च झाली. तिचा बराच मोठा वाटा एका भाद्रपदात गेला, आणि खरं सांगायचं तर त्यातला निम्मा माझ्यावरच.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वडील एका सरकारी ऑफिसात शिपाई होते. आमच्या घरात सायन्सला जाणारी मी पहिली. ह्याचं वडिलांना इतकं कौतुक की माझा पांढरा ॲप्रन ते स्वतः इस्त्री करून आणायचे आणि येताना हातावर आडवा धरून, सगळ्या गल्लीला दिसेल असा आणायचे.

आमचे वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख म्हणजे एक पिवळी वही. त्या वहीतून ते नोट्स सांगायचे. वही इतकी जुनी की कडा कुरतडलेल्या होत्या आणि एका पानावर चक्क बुरशीचे काळे ठिपके होते. त्या ठिपक्यांवर बोट ठेवून सर वाचायचे, "कवके ह्या हरितद्रव्य नसलेल्या, खालच्या दर्जाच्या वनस्पती होत." बोटाखाली जिवंत नमुना असून त्यांना तो कधी दिसला नाही. त्यांच्या लेखी बुरशी म्हणजे प्रयोगशाळेतल्या फडताळावरच्या सात बाटल्या. औषधाच्या पाण्यात बुडवून, रंग उडालेल्या, चिठ्ठ्या निघालेल्या. त्यातल्या एका बाटलीत छत्री होती की कुणाचा कान होता, हे सांगणं कठीण होतं.

मी लायब्ररीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. त्याच्या मागच्या कार्डावर माझ्याआधी एकही नाव नव्हतं. भाषा इंग्रजी, त्यामुळं एका पानाला एक संध्याकाळ लागायची. पण त्यात लिहिलं होतं की बुरशी ही वनस्पती नाहीच. तिचं राज्य वेगळं आहे. उलट नातं बघायला गेलं तर ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. तिच्या पेशींच्या भिंती ज्या पदार्थाच्या असतात, त्याच पदार्थाचं झुरळाचं कवच असतं. आपण घास पोटात घालतो आणि मग पचवतो. बुरशी आधी पाचक रस बाहेर सोडते, अन्न जिथल्या तिथं विरघळवते आणि मग शोषून घेते. आणि आपण ज्याला छत्री म्हणतो ते नुसतं फळ. खरी बुरशी खाली, केसाहून बारीक धाग्यांच्या जाळ्यात, मातीत आणि लाकडात पसरलेली असते. छत्रीखालून बीजाणूंची धूळ उडते आणि वाऱ्यावर गावोगाव जाते.

ते वाचून मला झोप येईना. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, "सर, पुस्तकात तर कवकं वनस्पती नाहीत असं दिलंय."

सरांनी वहीवरून डोळे काढले नाहीत. "परीक्षेत मी सांगतो ते लिही. मार्क पुस्तक देत नाही, मी देतो."

वर्ग हसला. ज्याच्या हातात मार्क असतात त्याचा कुठलाही विनोद वर्गाला समजतो.

त्याच महिन्यात येडशीची सहल निघाली. रामलिंगाच्या दरीत त्या वर्षी धबधबा चांगला चालला होता. झाडांची खोडं काळी पडली होती आणि पायाखालचा पाचोळा भिजून खिचडीसारखा झाला होता. मी तर हरखून गेले. एका पडलेल्या खोडावर बशांसारखे तांबूस थर एकावर एक चढले होते. पाचोळ्याचा वरचा थर बाजूला केला की खाली पांढरे धागे, पानापानाला शिवत गेलेले. कालचं पान अख्खं, त्याखालचं जाळीदार, त्याखालचं भुकटी आणि त्याच्याही खाली नुसती काळी माती. एका वितीच्या खोलीत सगळा कारभार उघडा पडला होता. जुनं लाकूड फोडणं फार थोड्यांना जमतं, आणि ह्या धाग्यांइतकं पुरतं कुणालाच नाही. हे नसते तर त्या दरीत आजवर पडलेली सगळी झाडं तशीच एकमेकांवर पडून असती आणि नव्या बीला टेकायला जागा नसती.

पोरं माकडांचे फोटो काढत होती. सर आधी देवळाच्या सावलीला बसून खिचडी खाऊन आले, मग हात पुसत त्या खोडाजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "लिहून घ्या. मृतोपजीवी कवक. मृतोपजीवी म्हणजे? मेलेल्यावर जगणारे."

मग ते माझ्याकडं बघून थांबले. आठच दिवसांपूर्वी त्यांनी शिष्यवृत्तीच्या फॉर्मची यादी वर्गात मोठ्यानं वाचली होती, जातीच्या रकान्यासकट. त्यामुळं ते कुणाकडं बघतायत आणि का, हे सगळ्यांना कळलं.

"काय सुजाता?" ते म्हणाले. "ह्या विषयातले तज्ज्ञ तर तुमच्याकडेच असतील. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव."

माझ्या आज्याच्या पिढीपर्यंत गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्या लोकांवर टाकलेलं होतं. सरांना ते माहीत होतं. वर्गालाही माहीत होतं. सगळे हसले.

मीही हसले.

हे वाक्य लिहायला मला सतरा वर्षं लागली. सरांच्या बोलण्याचा राग मी दहा जणांना सांगितला असंल, पण आपण हसलो हे कुणाला सांगितलं नाही. ते हसू कसं होतं तेही मला अजून आठवतं. दात दाखवून, मान किंचित वाकवून, 'काय सर तुम्ही पण' अशा थाटाचं. ज्यानं लाथ मारली त्याचाच जोडा पुसून द्यावा, तसं.

आणि तेवढ्यात मागून हाक आली, "सुजे?"

वळून बघितलं तर शेवंता आत्या. माझ्या वडिलांची मोठी बहीण. येडशीजवळच्या रोपवाटिकेत ती रोजानं कामाला जायची, ते मला माहीत होतं, पण ती अशी नेमकी समोर येईल असं वाटलं नव्हतं. लुगड्याचा काचा मारलेला, पायाला पोटरीपर्यंत चिखल, डोक्यावर मातीचं टोपलं. तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. बोलणं तिनं ऐकलं होतं. हसणंही ऐकलं होतं.

"ओळखीची आहे का गं?" सरांनी विचारलं.

मी म्हणाले, "नाही सर. असंल इथलीच कुणीतरी, कामावरची."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्या रोपाला कीड लागलीय का, हे बघावं तसं बघितलं. मग डोक्यावरचं टोपलं सावरलं आणि बरोबरच्या बायकांना म्हणाली, "चला गं, वखत हुतोय." त्या तिघी पायवाटेनं निघून गेल्या. टोपल्यातनं एक ढेकूळ माझ्या पायाशी पडलं. त्यात पांढरे धागे होते.

परतीच्या एसटीत पोरी गाणी म्हणत होत्या. मी खिडकीकडं तोंड करून बसले. सरांबद्दल काय वाटावं हे मला लगेच ठरवता आलं. त्यांच्याबद्दल तुच्छता वाटायला काही कष्ट पडत नव्हते. अवघड होतं ते दुसरंच. ज्या तोंडानं मी हसले होते, त्याच तोंडानं आता घरी जेवायचं होतं.

तीन रविवार मी टाळले. चौथ्या रविवारी सकाळी येडशीची गाडी पकडली.

रोपवाटिकेत आत्या खाली बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होती. मी समोर उभी राहिले. तिनं वर बघितलं नाही. तिथला मुकादम आला आणि म्हणाला, "शेवंताबाई, ही पोरगी कोण?"

"असंल कुणाची तरी," आत्या म्हणाली. "पिशव्या भराया आलीया."

मी खाली बसले आणि पिशव्या भरायला लागले.

फक्त काम. एका ढिगाऱ्यात पोयटा, एकात शेणखत आणि बाजूला टोपल्यात जंगलातली काळी माती. आत्या प्रत्येक पिशवीत त्या टोपल्यातली एक मूठ घालायची. मी एकदा विसरले तर तिनं माझ्या हातातली पिशवी काढून ओतून दिली.

"त्याच्याबिगर रोप धरत न्हाय," ती म्हणाली. माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"का धरत नाही?"

"जुन्या झाडाखालची माती हाय ती. पोरीला सासरी धाडताना पाठराखीण संगट जाती का न्हाय चार दिस? तसं." मग ती मला पलीकडच्या वाफ्याकडं घेऊन गेली. "ही बघ. ही लायन मूठ घालून भरलेली. आन ती मागल्या साली त्याच दिसांत नव्या सायबानं भरून घेतली. जंगलातली घाण कशाला पिशवीत, म्हणला."

पहिल्या ओळीतली रोपं गुडघ्याला आली होती. दुसऱ्या ओळीतली पिवळी, वीतभर, जणू आजारपणातनं उठलेली. माझ्या जाडजूड पुस्तकात ह्यावर एक अख्खं प्रकरण होतं. झाडाच्या मुळांत एक बुरशी शिरते. ती झाडाला खात नाही. तिचे धागे मुळांच्या पुढं दूरवर जातात, मूळ पोचत नाही तिथलं पाणी आणि क्षार आणून देतात, आणि बदल्यात झाड पानात तयार झालेली साखर तिला देतं. जगातली बहुतेक झाडं असल्याच भागीदारीवर उभी आहेत. मी ते तीन आठवडे शब्दकोश घेऊन वाचत होते. आत्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. तिनं दोन ओळी बघितल्या होत्या.

साहेबानं बघितल्या नव्हत्या. शिकलेल्या माणसाला घाण फार लवकर दिसते.

दुपारी कडुलिंबाच्या झाडाखाली आत्यानं भाकरी सोडली. अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी म्हणाले, "आत्या, माझं चुकलं."

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. सोडून दे, जाऊ दे, लहान आहेस, असलं काही ती म्हणाली नाही. मला आजही त्याबद्दल तिचे उपकार वाटतात. "त्यो मास्तर तसलाच. त्याला काय म्हणायचं? पर तू का हासलीस?"

मी भाकरीचा पापुद्रा सोलत बसले.

तिनं घास खाल्ला, पाणी प्याली आणि सांगायला लागली. "म्या तवा जन्माला आले नव्हते. बा सांगायचा. धम्म घेतला आन आमच्या लोकांनी ठरीवलं, आजपून मेलेलं ढोर वढायचं न्हाय. लगीच चार दिसांनी गावातल्या एका बड्याचा बैल मेला. बोलावणं आलं. बा गेला न्हाय. धमकी आली. तरी कोण गेलं न्हाय. बैल पडला रस्त्यात. एक दीस, दोन दीस, तीन दीस. फुगला. समदं गाव नाकाला धडपं लावून हिंडाया लागलं. लेकरं शाळंत जाईनात. चवथ्या दिशी त्येंच्याच पोरांनी दोरी लावली आन वढत नेला. वकत वकत नेला."

ती हसली. मोठ्यानं, सगळे दात दाखवून. माझ्या त्या दिवशीच्या हसण्याचा आणि ह्या हसण्याचा काही संबंध नव्हता.

"तवा त्येंला कळलं, काम काय हुतं त्ये."

मला एकदम पुस्तक आठवलं आणि मी उत्साहानं म्हणाले, "आत्या, बुरशीचं पण असंच असतं. तिनं एक वर्ष काम बंद केलं ना, तर सगळं जंगल..."

"ए बाई," आत्यानं मला मधेच तोडलं. "आमाला बुरशीत नको घालू. त्यो मास्तर त्येच म्हणला न्हवं?" तिनं हात झटकले. "बुरशीला त्ये काम सोडता येत न्हाय. आमाला आलं."

मी आयुष्यात बरीच व्याख्यानं ऐकली. परिषदांना गेले, गळ्यात ओळखपत्र घालून बसले. एवढं स्वच्छ वाक्य मला कुठल्याही व्यासपीठावरून ऐकायला मिळालं नाही. आजही कुणी भला माणूस माझ्यासमोर निसर्गाचा दाखला देतो, प्रत्येकाला नेमून दिलेलं काम असतं, कुणी उच्च नाही नीच नाही, सगळे गरजेचे, असं गोड गोड बोलतो, तेव्हा मला त्या माणसाची कीव येते. बुरशीला कुणी नेमलेलं नाही. ती मेलेल्या लाकडावर जगते कारण ते तिचं अन्न आहे. तिच्या जेवणाला कुणी नावं ठेवली म्हणून तिच्या पोरीला शाळेत मागं बसावं लागत नाही. जंगलात कामं असतात. त्या कामांना जात लावायला माणूस लागतो, आणि ती लावून झाल्यावर पुन्हा जंगलाकडं बोट दाखवायलाही माणूसच लागतो.

त्या दिवशी निघताना मी दोन्ही ओळींतलं एकेक रोप मातीसकट घेतलं. कॉलेजात लॅबमधले मामा होते, बाटल्या धुणारे, दिवे लावणारे. त्यांनी मला सुट्टीनंतर लॅब उघडून दिली आणि जुना सूक्ष्मदर्शक पुसून दिला. बारीक मुळं कॉस्टिकच्या पाण्यात उकळली, निळ्या रंगात बुडवली. चार वेळा फसलं. पाचव्या वेळेला काचेखाली मुळाच्या आत निळे धागे दिसले, पेशीपेशीतून वाट काढत गेलेले, मधे मधे गोल फुगे. पिवळ्या रोपाच्या मुळात जवळजवळ काहीच नव्हतं. मी मामांना बोलावलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आयला, हे तर सारं गाव वसलंय की आत."

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरगावच्या एक मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. साधी सुती साडी, पायात मळक्या चपला. त्यांनी आल्या आल्या फडताळावरच्या बाटल्यांकडं बघितलं आणि आमच्या सरांना विचारलं, "सर, ह्यातली एकतरी ह्या दहा वर्षांतली आहे का?" सर हसले. वर्ग हसला नाही, कारण त्या दिवशी मार्क मॅडमच्याही हातात होते.

माझी पाळी आली तेव्हा मी माझी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सर लगेच म्हणाले, "मॅडम, हे सिलॅबसमध्ये नाही."

"दिसू तर द्या," म्हणत मॅडमनी डोळा लावला. त्यांनी काच थोडी इकडं-तिकडं सरकवली. मग विचारलं, "रोप कुठलं?"

ह्या सरांच्या हातात माझे अंतर्गत गुण होते, पुढच्या वर्षीचा विषय होता, शिफारशीचं पत्र होतं. घरी इस्त्रीचा ॲप्रन होता. मी म्हणाले, "येडशीच्या रोपवाटिकेतलं. माझी सख्खी आत्या तिथं कामाला आहे, शेवंताबाई. जुन्या झाडाखालची माती घातल्याशिवाय रोप धरत नाही, हे तिनं मला शिकवलं. सहलीच्या दिवशी ती तिथंच होती. सरांनी ओळखीची आहे का म्हणून विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले. ते खोटं होतं."

मॅडमना अर्थातच शेवटचं काही कळलं नाही. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा सरांकडं बघितलं. सर उत्तरपत्रिकांवर सह्या करत होते. एका पानावर दोनदा केली.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मृतोपजीवी कवकांचं निसर्गातलं काम सांग."

मी सांगितलं. मेलेल्या पानात, लाकडात, जनावरात अडकलेलं सगळं सोडवून ते मातीला परत कसं देतात. लाकडातला सगळ्यात चिवट भाग त्यांच्याशिवाय पुरता कसा फुटत नाही. ते नसते तर झाडांना खायलाच काही उरलं नसतं. मग एक श्वास घेतला. "आणि मॅडम, माणसांत ह्या विषयातले तज्ज्ञ नसतात. माणसांवर ते काम लादलेलं होतं. त्यांनी ते सोडलं."

सरांनी मान वर केली. मी त्यांच्याकडं सरळ बघितलं. त्यांना राग आला असता तरी मला थोडं बरं वाटलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता. ही पोरगी कशाबद्दल बोलते आहे, असा.

अंतर्गत गुणांत मी वर्गात शेवटून दुसरी आले. बाहेरच्या मॅडमनी पैकीच्या पैकी दिले होते, म्हणून पहिला वर्ग राहिला. पुढं एम.एस्सी. झाले, बी.एड. झाले, फिरून धाराशिवलाच नोकरीला लागले. आत्याला मी परीक्षेचं सगळं सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं केलंस. आता त्ये शेंगाचं टरफल उचल, तुजा मामा वरडंल." मामा म्हणजे तिचा नवरा. तो कधी ओरडत नसे. पण त्या दिवसापासून मी तिच्याकडं गेले की ती मुकादमाला, शेजारणीला, दुकानदाराला, विचारलं नसलं तरी सांगायची, "ही माजी भाची." आता तिचे गुडघे गेलेत. खाटेवर बसून सुनेला पिशव्या कशा भरायच्या ते सांगत असते आणि सून ऐकत नाही.

ह्या वर्षी ह्याच भाद्रपदात, मंडईच्या तोंडाशी मला कुणीतरी हाक मारली. "मॅडम!" वळून बघितलं तर सर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, केस सगळे पांढरे, हातात मेथीची जुडी. त्यांनी मला ओळखलं ह्याचंच मला नवल वाटलं.

"तुमचं नाव ऐकतो हं," ते म्हणाले. "आमची विद्यार्थिनी, म्हणून सांगतो लोकांना."

मी म्हणाले, "सर, आमच्या वेळची येडशीची सहल आठवते का तुम्हाला?"

"आठवते की!" त्यांचा चेहरा खुलला. "खिचडी काय झाली होती त्या दिवशी. देवळातल्या पुजाऱ्यानं केली होती."

मी वाट बघितली. पुढं काही नव्हतं. सतरा वर्षं मी जे छातीवर घेऊन फिरले, ते ह्या माणसाजवळ खिचडीएवढंही उरलं नव्हतं. त्यांनी मला दुखावलं होतं हे तर खरंच, पण दुखावताना त्यांना त्याचं काही वाटलंही नव्हतं. तिरस्कार करायला समोर निदान एक माणूस लागतो. माझ्यासमोर मेथीची जुडी उभी होती.

"बरं झालं भेटलात," सर म्हणाले. "तुम्ही बुरशीतल्या तज्ज्ञ. माझं एक लिंबाचं झाड आहे अंगणात. वाळत चाललंय. मुळाशी माती उकरली तर पांढरे पांढरे धागे. बुरशी हो सगळी! मी दर आठवड्याला औषध ओततो. पाचोळा पडला की लगेच झाडून जाळतो. एक पान राहू देत नाही. तरी वाळतंच आहे."

शब्द तोच होता, तज्ज्ञ. ह्या वेळी त्यात काही खोच नव्हती. त्यांना खरोखरच मदत हवी होती.

मला म्हणता आलं असतं, सर, पिवळ्या वहीत बघा. मला निघून जाता आलं असतं. मनात म्हणाल तर दोन्ही करून झालं होतं.

"औषध आजच बंद करा," मी म्हणाले. "ते धागे झाडाचे वैरी असतीलच असं नाही. बहुतेक पांढरे धागे मेलेली पानं खातात आणि झाडाला जेवू घालतात. पाचोळा झाडू नका, तिथंच पडू द्या. वरून थोडं शेणखत घाला, पाणी साचू देऊ नका. खोडाला डिंक येतोय का तेवढं बघा, तो खरा रोग. येत असंल तर मला सांगा."

"पण मॅडम, पाचोळा ठेवायचा म्हणजे अंगणात घाण दिसते."

"दिसू द्या," मी म्हणाले.

ते मान हलवत, पुटपुटत रिक्षाकडं गेले. ते ऐकतील असं मला वाटत नाही. तरी पुढच्या आठवड्यात जाऊन बघून येणार आहे. सरांसाठी नाही. लिंबानं माझं काही वाईट केलेलं नाही.